आरएनए आधी आला, असं आम्ही का म्हणतो

ओझरहून बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय: "डीएनए तयार करायला प्रथिनं लागतात आणि प्रथिनं तयार करायला डीएनएमधली माहिती लागते. मग सुरुवात झाली कशी? पुस्तकात 'आरएनएपासून' असं एका ओळीत लिहिलंय. पण शंभर न्यूक्लिओटाइडचा (साखळीतल्या चार प्रकारच्या घटकांचा) आरएनए घेतला तरी ४ चा १०० वा घात इतक्या जुळण्या होतात. त्यातला नेमका हवा तोच आपोआप कसा बनणार? आणि तेव्हा बनला, तर आज गोदाकाठच्या एखाद्या डबक्यात नवा सजीव का तयार होत नाही?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मी मूळची जैवरसायनशास्त्राची, नाशिकमध्ये पिकांच्या विषाणू तपासणीचं काम बरीच वर्षं करते आहे. त्या कामात आरएनए रोज हाताळावा लागतो, म्हणून तिथूनच सुरू करते.

द्राक्षाच्या पानातून आरएनए काढणं हे आमच्याकडचं सगळ्यात किचकट काम. पानात पॉलिफेनॉल आणि चिकट शर्करा भरपूर असतात. कोवळं पान द्रव नायट्रोजनमध्ये घोटून त्याची पूड केली आणि ती सीटॅब या डिटर्जंटच्या गरम द्रावणात टाकायला जरा उशीर झाला, की सगळं तपकिरी पडतं आणि आरएनए त्यातच अडकून बसतो. हातमोजे घातल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही, कारण आरएनए तोडणारी एन्झाइम आपल्या बोटांवरच असतात. सगळं नीट जमलं तर लिथियम क्लोराइडमध्ये रात्रभरात आरएनए तळाशी बसतो. दुसऱ्या दिवशी तो जेलवर चालवला, म्हणजे विजेच्या साहाय्यानं लांबीनुसार वेगळा केला, की दोन ठळक पट्ट्या दिसतात. त्या रायबोसोममधल्या आरएनएच्या. पेशीतल्या एकूण आरएनएत सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या वरच्या पट्टीत आहे.

अमिनो आम्लं एकापुढे एक जोडून प्रथिन तयार करतो तो रायबोसोम. त्यात प्रथिनंही असतात आणि आरएनएही. प्रत्यक्ष जोडणी त्यातली प्रथिनं करत असतील आणि आरएनए नुसता सांगाडा असेल, असं पुष्कळ काळ मानलं जायचं. २००० साली थॉमस स्टाइट्झ आणि पीटर मूर यांच्या गटांनी रायबोसोमच्या मोठ्या उपघटकाची (वरची पट्टी याच्याच आरएनएची) अणूंच्या पातळीवरची रचना प्रसिद्ध केली. जिथे दोन अमिनो आम्लांमधला पेप्टाइड बंध जुळतो त्या जागेपासून सुमारे १८ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत एकाही प्रथिनाचा भाग नव्हता, होता तो फक्त आरएनए. रायबोसोमच्या रचनेवरच्या कामासाठी स्टाइट्झ, वेंकटरामन रामकृष्णन आणि अडा योनाथ यांना २००९ चं नोबेल मिळालं. तुझ्या रक्तातलं हिमोग्लोबिन घे, नाहीतर द्राक्षाच्या पानातलं रुबिस्को घे, दोन्ही आरएनएनंच जोडलेली आहेत. प्रथिनं नव्हती तेव्हा प्रथिनं कोण जोडत होतं, हा पेच इथे सुटतो. आरएनए माहितीही साठवतो आणि उत्प्रेरकाचं कामही करतो.

आरएनए उत्प्रेरक असू शकतो हे त्याआधीच कळलं होतं. १९८२ मध्ये थॉमस चेक यांना टेट्राहायमिना या एकपेशीय जीवात स्वतःचाच तुकडा कापून काढणारा आरएनए सापडला. पुढच्याच वर्षी सिडनी ऑल्टमन यांच्या गटानं आरनेज-पी या एन्झाइममधला आरएनए एकट्यानं काम करतो हे दाखवलं. दोघांना १९८९ चं नोबेल मिळालं. त्याहून आधी, साठच्या दशकाच्या अखेरीस, कार्ल वूझ, फ्रान्सिस क्रिक आणि लेस्ली ऑर्गेल यांनी ही शक्यता नुसत्या तर्कानं मांडली होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणखी एक पुरावा तुझ्या पाठ्यपुस्तकातच आहे. पेशी डीएनएचे घटक शून्यातून बनवत नाही. ती आरएनएचे घटक आधी बनवते, मग रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे एन्झाइम त्यांच्या शर्करेवरचा एक ऑक्सिजन काढून टाकतं. थायमिनसुद्धा युरासिलवर मिथाइल गट चढवून होतो. म्हणजे डीएनए हा आरएनएवर नंतर केलेला बदल आहे आणि हा क्रम आजही प्रत्येक पेशीत चालतो. एटीपी, एनएडी, कोएन्झाइम-ए या पेशीतल्या मदतनीस रेणूंच्या रचना काढून बघ. तिन्हींत आरएनएचाच एक घटक, ॲडेनोसिन, बसलेला दिसेल, आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष रासायनिक क्रियेत तो भागही घेत नाही. तो तिथे का आहे, याचं सगळ्यात सरळ स्पष्टीकरण म्हणजे तो जुन्या काळचा वारसा आहे.

तुझ्या घरी द्राक्षबाग असेल तर एक गोष्ट तुला जवळची वाटेल. हॉप स्टंट व्हायरॉइड हा जगभरच्या द्राक्षवेलींत आढळतो. जेमतेम ३०० न्यूक्लिओटाइडचा आरएनए, गोल जोडलेला, वर प्रथिनाचं कवच नाही आणि आत एकाही प्रथिनाची माहिती नाही. तरी तो पेशीत शिरतो, पेशीच्या एन्झाइमकडून स्वतःच्या नकला करून घेतो आणि खरड छाटणीच्या कात्रीवरून एका वेलीवरून दुसरीवर जातो. वेलीत बहुधा लक्षणंही दिसत नाहीत. व्हायरॉइडचा शोध लावणाऱ्या थिओडोर डीनर यांनी १९८९ मध्ये मांडलं की हे आरएनए-युगाचे अवशेष असावेत. मी तेवढं ठामपणे म्हणणार नाही, कारण आजचा व्हायरॉइड यजमान पेशीशिवाय काहीच करू शकत नाही. पण इतक्या छोट्या, उघड्या आरएनएला निसर्गात टिकता येतं, नक्कल करून घेता येते, बदलता येतं, हे तो दाखवतो. तो टिकतो कसा? गोल असल्यानं त्याला मोकळं टोक नाही, आणि बराचसा भाग स्वतःशीच जोड्या लावून दांड्यासारखा घट्ट झालेला असतो.

हे टिकण्याचं प्रकरण महत्त्वाचं आहे. आरएनएच्या शर्करेवर २-प्राइम नावाच्या जागी एक हायड्रॉक्सिल (OH) गट असतो, डीएनएत तो नसतो. हा हायड्रॉक्सिल शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करतो आणि साखळी तुटते. हल्ल्यासाठी अणू विशिष्ट सरळ रेषेत यावे लागतात. साखळी सैल असेल तर ते सहज येतात, जोडीत बांधलेली असेल तर येत नाहीत. म्हणून घडी नीट पडलेला आरएनए जास्त टिकतो. आणि तोच हायड्रॉक्सिल घडी पक्की करणारे हायड्रोजन बंध जोडतो. हॅमरहेड नावाचा रायबोझाइम, म्हणजे उत्प्रेरकाचं काम करणारा आरएनए, तर स्वतःला कापायला तोच वापरतो. आरएनएचा नाजूकपणा आणि त्याची करामत या दोन्हींचं मूळ बऱ्याच अंशी एकाच जागी आहे.

आता तुझा हिशोब. ४ चा १०० वा घात म्हणजे १ वर ६० शून्यं, त्याहूनही थोडा जास्त. प्रत्येक जुळणीचा एकेक रेणू घेतला तरी त्यांचं वजन दहा लाख कोटी पृथ्वींपेक्षा जास्त भरेल. गणित बरोबर आहे, पण त्यात धरलंय की शंभर लांबीची एकच जुळणी चालते आणि बाकी सगळ्या निरुपयोगी. हे प्रयोगानं तपासता येतं आणि तपासलं गेलं आहे. १९९० मध्ये अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शोस्टाक यांनी यादृच्छिक क्रमांचे आरएनए बनवून त्यांतून ठरावीक रंगद्रव्याच्या रेणूला धरून ठेवणारे वेगळे काढले. साधारण १ हजार कोटींत एक आरएनए ते करत होता. १९९३ मध्ये डेव्हिड बार्टेल आणि शोस्टाक यांनी १ वर १५ शून्यं इतक्या यादृच्छिक आरएनएंतून दोन आरएनए जोडणारे रायबोझाइम मिळवले. निवड करत नेल्यावर त्यांतले काही उत्प्रेरकाविना होणाऱ्या क्रियेपेक्षा ७० लाख पट वेगानं काम करू लागले. एवढे रेणू म्हणजे वजनानं एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाहीत. आणि २०१० मध्ये मायकेल येरस यांच्या गटानं फक्त ५ न्यूक्लिओटाइडचा रायबोझाइम दाखवला, जो आरएनएला अमिनो आम्ल जोडतो. पाच लांबीच्या एकूण जुळण्या १०२४. काम अगदी कच्चं करतो, पण सुरुवातीला कच्चंच काम पुरेसं असतं. हे आपोआप घडणं अशक्य आहे असं म्हणत कुणी ४ चा १०० वा घात पुढे केला की त्याला हे आकडे दाखव.

पण न्यूक्लिओटाइड, म्हणजे बेस, शर्करा आणि फॉस्फेट जुळून झालेले घटक, आले कुठून? इथे माझ्या मते खरी मजा आहे.

बेस बनवणं त्या मानानं सोपं निघालं. १९६० मध्ये जोन ओरो यांनी अमोनियम सायनाइडचं द्रावण तापवून ॲडेनिन मिळवलं. ॲडेनिनचं सूत्र बघ: पाच कार्बन, पाच हायड्रोजन, पाच नायट्रोजन, म्हणजे हायड्रोजन सायनाइडचे पाच रेणू. अत्यंत विषारी वायूपासून जनुकाचं अक्षर तयार होतं. अंतराळातही हे घडतं. ओसायरिस-रेक्स यानानं बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या मातीत डीएनए-आरएनएतले पाचही बेस सापडल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं.

शर्करेनं मात्र रसायनशास्त्रज्ञांना रडवलं. फॉर्मल्डिहाइड चुन्याबरोबर ठेवला की शर्करा बनतात हे बटलेरोव्ह यांनी १८६१ मध्येच दाखवलं होतं, पण त्या काळपट मिश्रणात रायबोज, म्हणजे आरएनएतली शर्करा, नावापुरताच. शिवाय तो टिकत नाही. मिलर यांच्या, म्हणजे १९५३ च्या, ठिणगीनं अमिनो आम्लं बनवणाऱ्या प्रयोगातल्या त्याच स्टॅन्ली मिलर यांच्या गटानं १९९५ मध्ये मोजलं की १०० अंश सेल्सिअसला रायबोजचं अर्धायुष्य ७३ मिनिटं आहे. आणि रायबोज मिळालाच तरी सायटोसिन, युरासिल हे बेस त्याला पाण्यात जुळतच नाहीत. जवळजवळ चाळीस वर्षं लोक याच भिंतीवर डोकं आपटत होते.

२००९ मध्ये मॅथ्यू पाउनर, बेआट्रिस गेरलांड आणि जॉन सदरलँड यांनी प्रश्नच वेगळा विचारला. बेस आणि शर्करा वेगवेगळे तयार करून मग जोडायचे, हे कुणी सांगितलं? त्यांनी सायनामाइड आणि ग्लायकोलाल्डिहाइड या दोन साध्या रेणूंपासून २-अमिनोऑक्साझोल बनवलं. यात अर्धी शर्करा आणि अर्धा बेस आधीच जोडलेले असतात. त्यावर ग्लिसराल्डिहाइड, मग सायनोअ‍ॅसिटिलीन आणि फॉस्फेट. शेवटी हाती आला सायटिडिनचा (सायटोसिन अधिक रायबोज) फॉस्फेटसह तयार घटक, जो पुढे जुळायला सज्ज होता. जी पायरी अशक्य वाटत होती, ती वाटेत लागलीच नाही. अतिनील किरण सोडल्यावर नको असलेले बरेच रेणू नष्ट झाले आणि सायटिडिनचा काही भाग युरिडिनमध्ये (युरासिल अधिक रायबोज) बदलला. ओझोनचा थर नसलेल्या पृथ्वीवर अतिनील किरणांची वाण नव्हती. फॉस्फेट तर शेवटी लागणारच होता. तो सुरुवातीपासून भांड्यात ठेवला, तर पहिल्या पायरीची घाणही कमी होते, हे त्यांच्या लक्षात आलं. माझ्या पिढीतल्या जैवरसायनशास्त्रज्ञांना हा शोधनिबंध वाचताना झालेला आनंद शब्दांत सांगणं कठीण आहे. टीकाही झाली आणि ती योग्य होती: शुद्ध रसायनं, ठरावीक क्रमानं, माणसाच्या हातानं घातलेली. त्यावरचं काम चालूच आहे. म्युनिकमध्ये थॉमस कॅरेल यांच्या गटानं २०१९ मध्ये ओलं-सुकं चक्र वापरून चारही प्रकारचे घटक एकाच परिस्थितीत मिळवले.

ओलं-सुकं चक्र हा या सगळ्यातला कळीचा मुद्दा. दोन न्यूक्लिओटाइड जुळताना पाण्याचा रेणू बाहेर पडतो, म्हणून भरपूर पाण्यात ही क्रिया उलट्या दिशेनं ओढली जाते. समुद्रात जीवन सुरू झालं असं आपण शाळेत शिकतो, पण साखळी बांधायला समुद्र गैरसोयीचा आहे. डबकं सुकलं की घटक एकवटतात, पाणी निघून जातं, बंध जुळतात. पुन्हा पाऊस पडला की सगळं ढवळून निघतं. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत सुधा राजमणी यांची प्रयोगशाळा याच विषयावर काम करते. डेव्हिड डीमर यांच्याबरोबर २००८ मध्ये त्यांनी मेदाच्या थरांमध्ये न्यूक्लिओटाइड वारंवार सुकवून-भिजवून आरएनएसारख्या साखळ्या मिळवल्या होत्या. एमएस्सीनंतर या वाटेला जायचं असेल तर परदेशच गाठावा लागतो असं नाही.

सुकण्यासाठी पृष्ठभागही हवा, आणि इथे आपली काळी जमीन आठवते. निफाड-सिन्नरकडच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, कारण तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट गटातली चिकणमाती असते. तिच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, गेलं की आकसते. याच मॉन्टमोरिलोनाइटवर जेम्स फेरिस यांनी क्रियाशील केलेले न्यूक्लिओटाइड रोज थोडे थोडे घालून १९९६ मध्ये पन्नासच्या आसपास लांबीच्या साखळ्या मिळवल्या. २००३ मध्ये शोस्टाक यांच्या गटाला दिसलं की हीच माती मेदाम्लांच्या सूक्ष्म पुटिका (पेशीसारख्या इवल्या पिशव्या) तयार व्हायचा वेग वाढवते आणि मातीच्या कणाबरोबर आरएनएही त्या पुटिकेत जातो. हे वाचून आपल्याकडेच जीवन सुरू झालं असं मात्र समजू नकोस. पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची आहे, ऑस्ट्रेलियातल्या पिलबारामधले सूक्ष्मजीवांचे अवशेष ३४८ कोटी वर्षांचे, आणि नाशिकची पांडवलेणी ज्यात कोरली तो बेसॉल्ट जेमतेम ६.६ कोटींचा. माती त्याच जातीची आहे, एवढंच. तसंच लोणारच्या सरोवराचं. फॉस्फेट कॅल्शियमला चिकटून खनिज बनतं आणि पाण्यात उरत नाही, ही जुनी तक्रार होती. २०२० मध्ये जोनाथन टोनर आणि डेव्हिड कॅटलिंग यांनी दाखवलं की खारट, कार्बोनेटयुक्त तळ्यांत कॅल्शियम कार्बोनेटशी बांधला जातो आणि फॉस्फेट मोकळा राहतो. त्यांनी विचारात घेतलेल्या तळ्यांत लोणारही होतं.

आता खरी अडचण. साखळी बनली, ती उत्प्रेरकही निघाली. पण तिची नक्कल कोण करणार? नक्कल नसेल तर निवड नाही, उत्क्रांती नाही. आरएनए नळीत उत्क्रांत होतो हे सोल स्पिगेलमन यांनी १९६७ मध्येच दाखवलं: विषाणूचा आरएनए आणि नक्कल करणारं एन्झाइम देऊन तो एका नळीतून दुसरीत नेत राहिले, तर ७४ व्या वेळेपर्यंत त्यानं आपला ८३ टक्के भाग टाकून दिला आणि भराभर नकला होऊ लागल्या. पण एन्झाइम प्रथिनाचं होतं. प्रथिनाशिवाय हे करायचं तर आरएनएची नक्कल करणारा आरएनए हवा. फिलिप होलिगर यांच्या केंब्रिजमधल्या गटानं २०१३ मध्ये बर्फात काम करणारा असा रायबोझाइम मिळवला, जो स्वतःहून लांब, २०० हून अधिक न्यूक्लिओटाइडचा आरएनए बनवतो, मात्र सोयीचा साचा दिला तरच. २०२४ मध्ये जेराल्ड जॉइस यांच्या गटातल्या रायबोझाइमनं हॅमरहेडच्या नकला इतक्या अचूक केल्या की त्या पिढ्यान्‌पिढ्या काम करत राहिल्या. स्वतःची संपूर्ण नक्कल स्वतः करणारा, साध्या रसायनांपासून उभा राहिलेला आरएनए मात्र अजून कुणी बनवलेला नाही. नक्कल झाल्यावर दोन धागे सुटत नाहीत. मॅग्नेशियम दिलं तर नक्कल होते, पण तेच मॅग्नेशियम आरएनए तोडायलाही मदत करतं आणि मेदाम्लांच्या पुटिका फोडतं. २०१३ मध्ये शोस्टाक आणि कटार्झिना अदामाला यांनी सायट्रेट घालून यातून वाट काढली. पुन्हा, उजव्या-डाव्या रूपांचे, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेले, घटक मिसळले की साखळीची वाढ खुंटते, हे जॉइस आणि ऑर्गेल यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं. मी संशयवादी झाले तर इथे होईन, तुझ्या ४ च्या १०० व्या घातावर नाही.

समुद्रतळाच्या अल्कधर्मी झऱ्यांत आधी चयापचय सुरू झाला आणि जनुकं नंतर आली, असं मानणारेही चांगले वैज्ञानिक आहेत. ऊर्जा कुठून आली हा त्यांचा प्रश्न आरएनएवाल्यांनी टाळता कामा नये. तरी साखळी बांधायला सुकणं लागतं, म्हणून माझा कल जमिनीवरच्या तळ्यांकडे आहे.

राहिलं गोदाकाठचं डबकं. याचं उत्तर डार्विन यांनी १८७१ मध्ये जोसेफ हूकर यांना लिहिलेल्या पत्रात दिलं होतं: असे पदार्थ आज तयार झाले तरी जिवंत प्राणी ते लगेच खाऊन टाकतील. त्यात आजच्या हवेतला २१ टक्के ऑक्सिजन मिळव. सायनाइडपासून न्यूक्लिओटाइडपर्यंतची वाट ऑक्सिजन नसलेल्या हवेतली आहे.

एक प्रयोग तुझ्या कॉलेजात सहज होईल, तेवढा करून बघ. यीस्टचा आरएनए आणि कुठलाही शुद्ध डीएनए वेगवेगळ्या नळ्यांत घे, ०.३ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड घाल, ३७ अंशाला रात्रभर ठेव. दोन्हींच्या बिनअल्कलीच्या जोड नळ्या ठेवायला विसरू नकोस. सकाळी आम्ल घालून उदासीन कर आणि चारही अगारोज जेलवर चालव. अल्कलीतला आरएनए दिसणार नाही. डीएनए दिसेल, पण जोडनळीपेक्षा फिकट, कारण त्याचे धागे सुटलेले असतात आणि एकेरी धाग्यावर रंग कमी चढतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. जेलचा फोटो पाठव; आरएनएच्या जोडनळीत स्पष्ट पट्टी न दिसता नुसता खाली ओघळलेला डाग दिसला तर घाबरू नकोस, बाजारातला यीस्टचा आरएनए मुळातच तुटलेला येतो.